व्हिएन्ना ते लिस्बन, सत्तावन्न माळा

व्हिएन्ना ते लिस्बन हे हवाई अंतर सुमारे दोन हजार तीनशे किलोमीटर आहे. हे वाक्य माझ्या दोनदा कामी आलं. एकदा नोकरीसाठी आणि एकदा आईसाठी. पहिल्या वेळी ते कोणी वाचलं की नाही, माहीत नाही. दुसऱ्या वेळी त्याचे परिणाम झाले.

मुंबईत एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर चौदा वर्षं काढून मी दुबईत आलो. विमानाची तिकिटं विकणाऱ्या एका वेबसाइटसाठी मजकूर लिहितो. युरोपातली दोन शहरं घ्यायची, त्यांच्यातलं अंतर द्यायचं, विमानाला लागणारा वेळ द्यायचा. खाली तिकिटाचं बटण असतं. वेळ काढायला सूत्र आहे : अंतर भागिले आठशे, अधिक चढण्या-उतरण्याचा अर्धा तास. अशा अकराशेहून जास्त जोड्या लिहून झाल्या आहेत. युरोप पाहिलेला नाही. सुरुवातीला एका पानात मी शहरातल्या नदीबद्दल दोन ओळी घातल्या होत्या. आमचे साहेब बैरुतचे. ते टेबलाशी आले आणि म्हणाले, "हबीबी, नो रिव्हर. डिस्टन्स, टाइम, खलास." म्हणणं बरोबर होतं. मी नदी काढली.

आम्ही शारजात, अल नहदाला राहतो. खिडकीतून दुबई दिसते. ऑफिस सतरा किलोमीटरवर आहे आणि संध्याकाळी परतायला साधारण दीड तास लागतो. तेवढ्या वेळात व्हिएन्नाहून रोमला जाता येतं. हे मी एकदा घरी बोलून गेलो, तेव्हापासून दार उघडताना बायको विचारते, "आज किती?" मी म्हणतो, "व्हिएन्ना–रोम." पाऊस पडला त्या दिवशी लंडन–अथेन्स झालं होतं. तिने जेवण दोनदा गरम केलं.

माझी धाकटी बहीण लिस्बनला असते. नवरा-बायको दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. तिचे दिवस भरत आले होते. तिच्या सासूबाई जाणार होत्या, त्यांचा व्हिसा नाकारला गेला. नवऱ्याला नूडल्सखेरीज काही येत नाही. म्हणजे आईला जाणं भाग होतं. आईचा व्हिसा मुंबईत होऊन आला होता. तिने आधी शारजात माझ्याकडे पंधरा दिवस राहायचं आणि मग दुबईहून व्हिएन्नामार्गे लिस्बनला जायचं, असं ठरलं. अडचण एकच होती. आईला विमानाची भीती वाटते.

आई एकाहत्तर वर्षांची आहे. पुण्यात रोज सकाळी टेकडी चढून येते. कुत्री, डॉक्टर, सोसायटीचे सेक्रेटरी यांच्यापैकी कोणालाही ती घाबरत नाही. विमानाला घाबरते, आणि त्यावर तिचा उपाय जपाचा आहे. दार बंद झालं की माळ सुरू करायची, दार उघडेपर्यंत चालू ठेवायची. मात्र किती माळा करायच्या, हे आधी ठरवून संकल्प सोडायचा. आणि संकल्प पुरा होईपर्यंत तोंडातून दुसरा शब्द काढायचा नाही.

मुंबईहून तिला आणायला मी गेलो होतो. विमानाला तीन तास लागतील असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात तीन तास वीस मिनिटं लागली, कारण शारजाच्या वर बऱ्याच घिरट्या झाल्या. आईच्या माळा तीन तासांत संपल्या आणि नेमकं त्यानंतर विमान हलायला लागलं. तिने माझं मनगट धरलं. बोटांच्या खुणा शुक्रवारपर्यंत होत्या.

"तू तीन तास म्हणालास," सामान घेताना ती म्हणाली. "वरची वीस मिनिटं मी काय करायचं होतं?"

"आणखी चार माळा करायच्या होत्यास."

"संकल्प संपल्यावर? उगीच? त्याला काय अर्थ आहे? तो वरचा काय म्हणेल, हिला आकडासुद्धा नीट सांगता येत नाही."

पहिल्याच रविवारी बहिणीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा आईने जाहीर केलं, "मी काही येत नाही. तूच ये इकडे."

"नवव्या महिन्यात मला विमानात कोण घेणार गं? तू?"

"मग बोटीने ये."

बहीण रडली. आईही डोळे पुसायला आत गेली. बाहेर आली ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "तू हेच लिहितोस ना रोज? कुठून कुठे किती वेळ? मग मला व्हिएन्ना ते लिस्बनचा खरा आकडा दे. दार बंद ते दार उघड. खरा मिळाला तर जाते."

दुबई ते व्हिएन्ना हा प्रश्न नव्हता. आमच्या इमारतीतलं एक सोलापूरचं कुटुंब त्याच विमानाने सुट्टीला निघालं होतं, आणि त्या वहिनी सहा तास सलग बोलू शकतात. सोबत असली की आईला जप लागत नाही. व्हिएन्नापासून पुढे ती एकटी होती.

मी माझंच पान उघडलं. सूत्राप्रमाणे तीन तास बावीस मिनिटं. तिकिटावर मात्र बारा चाळीसला सुटून तीन पंचवीसला पोचणार, असं होतं. आईने चष्मा लावून तिकीट पाहिलं आणि बोटांवर मोजलं.

"हे पावणेतीन तास झाले. तू साडेतीनच्या आसपास म्हणतोयस. पेपरात असताना असंच करायचास का?"

लिस्बनचं घड्याळ व्हिएन्नाच्या एक तास मागे असतं, हे मी समजावलं. पावणेतीन नाहीत, त्यात तो एक तास मिळवायचा.

"म्हणजे तिथे मला एक तास परत मिळणार?"

"तसंच काहीसं."

"इथे येताना दीड मिळालाय. तो अजून तसाच आहे." असं म्हणून तिने मनगटावरचं घड्याळ झाकलं. ते भारताच्या वेळेवर होतं, तसंच राहणार होतं. लिस्बनलाही तसंच राहणार होतं. "मला घड्याळ सांगू नकोस. माळा सांग."

मग वेग मोजावा लागला. आई सोफ्यावर माळ घेऊन बसली, मी फोनवर स्टॉपवॉच लावलं. पाच माळा मोजल्या. पहिली चार मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंदांत झाली, तिसरीच्या वेळी खाली कुणीतरी हॉर्न दाबून धरल्याने पाच मिनिटं वीस सेकंद लागली. सरासरी पाच मिनिटं. माझ्या अकराशे पानांपैकी एकाही पानासाठी मी इतकी मेहनत घेतलेली नाही.

पुढचा भाग मी सकाळी ऑफिसला निघताना केला. बुटाची नाडी बांधत होतो. मुलगी डबा भरत होती. ती बारा वर्षांची आहे, जन्मापासून इथेच आहे, मराठी तिला समजतं आणि उत्तर ती इंग्रजीत देते. मी म्हटलं, "आजीची फ्लाइट पावणेचार तासांची आहे. एका माळेला पाच मिनिटं. किती माळा होतात ते काढ आणि आजीला लिहून दे."

"ओके, बाबा."

डेस्कवर नियम असा होता की आकडा दुसऱ्या माणसाच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापायला जात नाही. मी नाडी बांधली आणि निघालो.

तिने कॅल्क्युलेटरवर हिशोब केला. आजीने विचारलं, "किती?" ती म्हणाली, "फिफ्टी सेव्हन." आजी म्हणाली, "सत्तावन्न का?" मुलीला सत्तावन्न आणि सत्याण्णव यांतला फरक खात्रीने सांगता येत नव्हता, म्हणून तिने आकडा पिवळ्या चिठ्ठीवर मोठा लिहून दिला. आईने चिठ्ठी पर्सच्या आतल्या कप्प्यात, पासपोर्टला चिकटवून ठेवली. हे सगळं मला नंतर कळलं.

आईसाठी व्हीलचेअर सांगितली होती. तिला चालता येतं. पण व्हीलचेअर सांगितली की ढकलणारा माणूस योग्य दाराशी नेऊन सोडतो, भाषा येण्याची गरज पडत नाही. आखातातून आई-वडिलांना पुढे पाठवणारे सगळे हेच करतात. बुधवारी पहाटे दुबईच्या विमानतळावर ती त्या खुर्चीत बसली. मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा आणि अळिवाची पुडी होती. तिने वळून पाहिलं नाही. सोलापूरच्या वहिनी बोलायला लागल्या होत्या.

दुपारी व्हिएन्नाहून आईचा फोन आला. "बसते आता आत. फोन बंद करते. आकडा नक्की ना रे?"

"नक्की."

"बघ हं. तुझ्या भरवशावर आहे."

बुधवारी मुलीचा मराठीचा वर्ग असतो, दुबईत ऊद मेथाला, शाळेनंतर. तिला घेऊन मी शारजाच्या रस्त्याला लागलो तेव्हा साडेसहा वाजले होते. दहा मिनिटांत गाड्या थांबल्या. वेळापत्रकाप्रमाणे विमान सहा पंचवीसला, आमच्या घड्याळाने, लिस्बनला उतरलेलं असायला हवं होतं. मी फोनवर पाहिलं. उतरलं होतं, वेळेवर.

मुलगी चिडलेली होती. वर्गात घड्याळाची चाचणी झाली होती आणि तिला दहापैकी सहा मिळाले होते. मागच्या सीटवरून हात लांबवून तिने कागद माझ्यासमोर धरला.

"बाबा, धिस इज सो अनफेअर. साडे इज प्लस. सव्वा इज प्लस. देन व्हाय इज पावणे मायनस?"

"पावणे म्हणजे पाव उणे. पावभाग कमी."

"बट देअर इज नो मायनस साइन!"

पुढची गाडी एक मीटर सरकली, मीही सरकलो. सात वाजता फोन वाजला. बहीण होती. गाडीत फोन स्पीकरवर असतो.

"दादा, आई बाहेर आली नाही."

"विमान आलंय. मी पाहिलं."

"तीन पंचवीसला आलंय. आता इथे चार वाजले. सगळे बाहेर आले. त्या विमानाची एअर होस्टेससुद्धा बॅग ओढत गेली माझ्यासमोरून. आई नाही. फोन बंद आहे."

"काउंटरवर विचारलंस?"

"ते म्हणतात प्रवाशाची माहिती देता येत नाही. मी म्हटलं ती माझी आई आहे. ते म्हणाले पुरावा काय? मी पोटाकडे बोट दाखवलं. तो माणूस घाबरून खुर्ची आणायला गेला." तिचा आवाज बदलला. "दादा, ती चढलीच नसेल. व्हिएन्नाला दारातून परत फिरली असेल. तिकडे कुठेतरी बसली असेल एकटी. मी उगीच हट्ट केला रे."

तीही शक्यता होती. मी व्हिएन्ना विमानतळाचा नंबर शोधायला लागलो. माझ्या पानांवर विमानतळांचे फोन नंबर देत नाहीत. साहेबांनी ते अनावश्यक ठरवले आहेत. शेजारच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला, माझ्यापुढे दोन मीटर जागा झाली होती. "यल्ला, भाई, चलो!" तो ओरडला. मी सरकलो. तेवढ्यात चाचणीचा कागद मुलीच्या हातातून माझ्या मांडीवर पडला. त्यावर चौथा प्रश्न होता : पावणेचार. त्यापुढे मुलीच्या अक्षरात ४:४५, आणि त्यावर लाल फुली.

"आजीला किती माळा लिहून दिल्यास?" मी विचारलं.

"फिफ्टी सेव्हन. यू सेड पावणेचार अवर्स. फोर फॉर्टी-फाइव्ह. टू एटी-फाइव्ह मिनिट्स, डिव्हाइड बाय फाइव्ह." मग तिने कागदाकडे पाहिलं. "ओह नो."

पावणेचार तासांच्या माळा पंचेचाळीस होतात. आईने सत्तावन्नांचा संकल्प सोडला होता. बारा माळा जास्त, म्हणजे बरोबर एक तास.

"ऐक," मी बहिणीला म्हटलं. "आई आतच आहे. तिचा जप चाललाय. चार पंचवीसला संपेल. दहा मिनिटं चालत यायला. चार पस्तीसला दारातून बाहेर येईल."



"दादा, तू बरा आहेस ना?"

"पाणी पी आणि त्या खुर्चीत बस."

"तुला कसं कळणार तिकडे गाडीत बसून?"

"आकडा माझ्या घरातून गेलाय."

मागच्या सीटवरून बारीक आवाज आला, "सॉरी, आत्या."

पस्तीस मिनिटं गेली. आम्ही तेवढ्यात दीड किलोमीटर पुढे आलो. मुलगी दर पाच मिनिटांनी म्हणत होती, "वन मोअर माळा डन." मी रेडिओ बंद ठेवला. आईने दारातून परत फिरणं आणि आईने आत बसून जप करणं, या दोन शक्यतांपैकी दुसरी मी बहिणीला ठामपणे सांगितली होती. पुरावा एका चाचणीच्या कागदाएवढाच होता. डेस्कवर मी अशी बातमी थांबवली असती.

सात एक्केचाळीसला फोन वाजला. लिस्बनचे चार एक्केचाळीस. आधी बहिणीचं रडणं ऐकू आलं, त्यामागून आईचा आवाज. "अगं रडतेस काय? आणि ही खुर्ची तुला कुणी दिली? मला दिली तशीच आहे."

अंदाजात सहा मिनिटांची चूक निघाली. सामानाच्या पट्ट्याचा वेळ मी धरला नव्हता.

काय घडलं होतं, ते रात्रीच्या व्हिडिओ कॉलवर आईने सांगितलं. विमान उतरलं तेव्हा पंचेचाळिसावी माळ संपत होती. व्हीलचेअरवाला आला, त्याने काहीतरी विचारलं. तिने एक बोट वर केलं. तो एक मिनिट थांबला, पुन्हा विचारलं. तिने पुन्हा बोट वर केलं. त्याने इंग्रजीत विचारलं, मग आणखी कुठल्या भाषेत, मग मोठ्याने. आईचे डोळे मिटलेले, ओठ हलताहेत, हात गोमुखीत, म्हणजे जपाच्या कापडी पिशवीत. त्याने पिशवीकडे पाहिलं आणि वॉकीटॉकी काढला. तिला प्रथमोपचाराच्या खोलीत नेलं. एका नर्सने दुसऱ्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घेतला.

"एकशे अठ्ठावीस बाय अठ्ठ्याहत्तर," आई म्हणाली. "पुण्यात कधी इतका चांगला आलेला नाही. त्या पोरीने दोनदा घेतला, विश्वास बसेना तिचा. मग एक मोठे डॉक्टर आले, माझ्या डोळ्यांत बॅटरी मारली. मी आपली पन्नासाव्या माळेवर. सत्तावन्न झाल्या, माळ डोळ्यांना लावली आणि म्हटलं, थँक्यू, चला. सगळे एकदम मागे सरकले."

"म्हणजे उशीर झाला," बहीण म्हणाली.

"उशीर? विमान तासभर आधी आलं! सत्तावन्न माळांचं अंतर त्याने पंचेचाळिसात कापलं. मी मोजलंय ना. जपाने होतं तसं. त्या पायलटलासुद्धा कळलं नसेल कसं पोचलो ते." मग ती कॅमेऱ्याच्या जवळ आली. तिच्या कपाळाचा वरचा अर्धा भागच दिसत होता. "अरे, मला सबंध रस्ता भीती वाटली नाही. एकदा हललं, पण म्हटलं अजून वीस माळा बाकी आहेत, आता काही होत नाही."

वर्तमानपत्रात चूक गेली की दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापावी लागते, लहान अक्षरांत का होईना. सवयीने मी सुरुवात केली, "आई, एक दुरुस्ती आहे. तो आकडा–"

बायकोने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

"कसली दुरुस्ती?"

"काही नाही. लाडू फुटले नाहीत ना?"

"दोन फुटले. डॉक्टरला एक दिला."

भाची एकोणीस दिवसांनी झाली. आई तिथे पावणेतीन महिने राहिली. मुलीला मी हे मुद्दाम पावणेतीन असंच सांगितलं, आणि तिने बोटांवर मोजून, बरोबर, दोन महिने आणि तीन आठवडे असं उत्तर दिलं. घड्याळाच्या पुढच्या चाचणीत तिला दहापैकी दहा मिळाले.

परतीच्या आदल्या आठवड्यात आईचा कॉल आला. मांडीवर नात झोपलेली होती. लिस्बन ते व्हिएन्ना. तिथून पुढे दुबईपर्यंत कोणी सोबत नव्हतं, पण आई त्याबद्दल बोललीच नाही.

"येताना किती रे? परत पावणेचारच का?"

पूर्वेकडे येताना वारा मागून असतो, वेळ थोडा कमी लागतो. तिकिटाप्रमाणे साडेतीन तास. बेचाळीस माळा. मी तोंड उघडलं.

"तू थांब," आई म्हणाली. "तुझा आकडा मला मुंबईहून येताना पुरला नव्हता. ती कुठाय? तिचा हिशोब चांगला आहे. तिला विचार."

मुलगी टेबलाशी अभ्यास करत होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मग आजीकडे पाहिलं. आणि माझ्या ऐकण्यात प्रथमच, आजीच्या प्रश्नाला तिने स्वच्छ मराठीत उत्तर दिलं.

"साडेचार तास, आजी. चोपन्न माळा."

"चोपन्न ना? लिहून पाठव हं मोठ्या अक्षरात."

दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये जेवणाच्या सुट्टीत मी आईचं तिकीट उघडलं. व्हिएन्नाहून दुबईला येणारं विमान बदलून तीन तास नंतरचं घेतलं. खाली व्हीलचेअरच्या रकान्याशेजारी विशेष सूचनांसाठी जागा होती, साठ अक्षरांची. तीनदा कापाकापी करून इंग्रजीत मजकूर बसवला : प्रवासी उतरल्यावर एक तास बोलणार नाही. तब्येत ठीक आहे.